मानाचा बाय

कबड्डीच्या स्पर्धेला सात संघ आले तर एकाला बाय द्यावाच लागतो. सहांच्या तीन जोड्या लागतात, सातवा उरतो आणि न खेळताच पुढच्या फेरीत जातो. इतकं साधं गणित. पण आमच्या गावात हे गणित सुटायला अख्खी दुपार गेली, दोघं रुसून बसले, एकाच्या पोटाचे हाल झाले आणि माझं लग्न अधांतरी लटकलं. त्यामुळे बाय कुणाला द्यावा या विषयावर माझी मतं जरा तिखट आहेत, ती आधीच सांगून ठेवते.

आमचं गाव चौसाळ्याच्या अलीकडे, हायवेला खेटून. वडिलांचं किराणा दुकान होतं. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, आणि पुढे गावही म्हणायला लागलं. तो काळ नव्या वस्तूंचा होता. दुकानात शिकेकाईच्या शेजारी शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या होत्या, आणि कोपऱ्यात काचेचं दार लावून अप्पांनी एसटीडी बूथ काढला होता. आजूबाजूच्या वस्त्यांवरची माणसं फोनला यायची, दार नीट लावून घ्यायची आणि आत उभं राहून शिवारभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलायची. गावात कुणाकडे काय चाललंय हे अप्पांना सगळ्यात आधी कळायचं ते त्यामुळेच.

ज्वारी निघाली की गावाची जत्रा भरायची आणि जत्रेत कबड्डी. मैदान म्हणजे आबांचं रान. आबा मेंढरंवाले. नात्यातले नव्हेत, पण गावच त्यांना आबा म्हणायचं. ज्वारी काढली की ते आपलं रान खेळाला मोकळं द्यायचे, आणि त्या बदल्यात कमिटीत बसून प्रत्येक गोष्टीला हरकत घ्यायचे. कमिटीत तिसरे शाळेतले खेळाचे सर. अध्यक्ष अर्थात अप्पा. त्यांनी जन्मात कधी कबड्डी खेळली नव्हती, पण मंडप, नारळ, टॉवेल-टोपी आणि पाहुण्यांची सरबराई यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता, आणि अध्यक्ष व्हायला आमच्याकडे तेवढं पुरतं.

मी तेव्हा बीडला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि कॉलेजच्या कबड्डी संघात खेळत होते. पंजाब-हरियाणाच्या मुलींसारखी नव्हे, पण पाय पकडला की सोडायची नाही एवढी ख्याती होती. सामन्यांचा तक्ता कसा मांडतात ते मला येत होतं, म्हणून त्या वर्षी सरांनी ते काम मला दिलं. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर पट्टीनं रेघा मारून मी दुकानाच्या ओट्यावर बसले.

आता यातली खरी गोम सांगते. ती त्या ओट्यावर फक्त मला ठाऊक होती.

सात संघांत एक संघ गेवराई तालुक्यातला होता, उमापूरकडच्या एका गावाचा. त्या गावातून मला स्थळ आलं होतं. घरचं बी-बियाणं आणि खताचं दुकान, घर मोठं, आमच्याच बिरादरीतलं. मुलगा त्या संघाचा कप्तान. फोटोंची देवाणघेवाण झाली होती. बघायला यायचं जत्रेनंतर ठरणार होतं. अप्पांनी ही बोलणी आपल्याच बूथमधून, दार लावून, गावभर ऐकू जाईल अशा आवाजात केली होती, त्यामुळे स्थळाची बातमी गुपित वगैरे नव्हती. गुपित होतं ते माझ्या मनातलं.

मला त्याला खेळताना बघायचं होतं.

बघण्याच्या कार्यक्रमात मुलगी काय बघते? पोह्यांची ताटली, पाटाची कड आणि स्वतःच्या पायाचा अंगठा. माझी चुलत बहीण असंच खाली बघून हो म्हणाली होती, म्हणजे म्हणाली नव्हतीच, तिला कुणी विचारलंच नव्हतं. सासरी गेल्यावर पहिल्या आठवड्यात तिला कळलं की भाजीत मीठ कमी पडलं तर हा माणूस ताट भिरकावतो. माहेरी आली की हसून सांगायची ती. ते हसणं ऐकून मला रात्री झोप यायची नाही. मला भीती वाटत होती, आणि त्यावर माझ्याकडे एकच उपाय होता. मैदानात माणूस लपत नाही, हे मी चार वर्षं खेळून शिकले होते. जिंकताना सगळेच बरे दिसतात. बाद दिल्यावर पंचाशी कसं बोलतो, पकड चुकलेल्या पोराला काय म्हणतो, हरल्यावर तोंड कसं होतं, हे एकदा बघितलं की मला पुरे होतं. मागच्या वर्षी तो संघ आला होता तेव्हा मी बीडला परीक्षेत होते. आता ही एकच संधी होती.

म्हणून मी तक्ता मांडताना शास्त्राचा आधार घेतला. मागच्या वर्षी कोण कितवा आला ते बघून नंबर लावायचे. पहिल्याला बाय. दुसऱ्याची सातव्याशी, तिसऱ्याची सहाव्याशी, चौथ्याची पाचव्याशी गाठ. उमापूरकडचे चौथे. म्हणजे चौथ्या-पाचव्याची लढत, पहिल्याच फेरीत, सगळ्यात अटीतटीची. माणूस ओळखायला याहून चांगला सामना मिळणार नव्हता. न्याय आणि माझा स्वार्थ असे हातात हात घालून चालले होते, त्यामुळे मी फार तळमळीनं बोलत होते.

"लिंबागणेशवाले मागच्या वर्षी ढाल घेऊन गेले. बाय त्यांचा," मी म्हणाले.

आबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. ही त्यांची हरकत घ्यायची तयारी. "कावून? जो सगळ्यात तगडा, त्यालाच इसावा?"

"त्यांनी तो कमावलाय आबा. आणि तगडे दोन संघ आधीच भिडले तर फायनलला काय राहील?"

"आन् जो लंगडा हाय त्यानं पैल्याच फेरीत तगड्याच्या हातचा मार खायचा. ह्ये लई बेस हाय. आमी मेंढरं हाकतो तवा लंगडं कोकरू खांद्यावर घेतो माय. एडक्याला न्हाई घेत."

अलीकडे टीव्हीवर परदेशातल्या मोठमोठ्या स्पर्धा बघते, तिथंही बाय बलवानालाच देतात, आणि दर वेळी मला आबांचं ते कोकरू आठवतं.

सर म्हणाले, "भांडण नको. चिठ्ठ्या टाकू."

"चिठ्ठीनं कुणालाही मिळेल सर. मग मागच्या वर्षी जे जिंकले त्यांनी कशाला जिंकायचं?" आणि मग मी त्यांना आमच्या कॉलेजची गोष्ट सांगितली. विद्यापीठाच्या स्पर्धेत एका वर्षी प्रत्येक विभागाच्या विजेत्याला थेट बाय दिला होता, मग तो विभाग कितीही लेचापेचा असो. आमचा विभाग असा होता की त्यात धड तीन संघ नव्हते. आम्ही विजेत्या म्हणून बाय घेतला, सकाळभर झाडाखाली बसून शेंगा खाल्ल्या, आणि दुपारी घामानं तापून आलेल्या मुलींनी आम्हाला अर्ध्या डावात गुंडाळलं. "तर बाय कुणालाही दिला की असं होतं," मी समारोप केला.

"म्हंजी बाय घेणाराच हारतो," आबा म्हणाले. "मंग तो एडक्यालाच द्या."

एवढा वेळ अप्पा पुड्यांच्या माळा सारख्या करत गप्प होते. ते गप्प असले की समजावं, निर्णय झालेला आहे.

"बाय उमापूरकडच्या पाव्हन्यांना," ते म्हणाले.

मी पट्टी खाली ठेवली. "कशाच्या हिशेबानं अप्पा? चौथे आहेत ते."

"लांबून येतेत. एसटीनं येतेत. आल्या आल्या त्यांना धुरळ्यात लोळवायचं? लोक काय म्हंतील आपल्याला?"

"खेळायलाच येतायत ना ते?"

"पाव्हने हाएत," अप्पा म्हणाले, आणि पाव्हने या शब्दावर त्यांनी असा काही भार दिला की सरांनी खोकल्याचं निमित्त केलं आणि आबांनी पागोटं परत डोक्यावर चढवून माझ्याकडे बघत मिशीतल्या मिशीत हसायला सुरुवात केली. झालं. व्याही होऊ घातलेल्या गावाचा मान पहिला. लग्नात मुलाकडच्यांची पंगत आधी बसते, तसं कबड्डीत त्यांना बाय. इतकी साधी गोष्ट कॉलेजात शिकवत नाहीत हा माझा दोष नव्हता.

मला संताप आला. मी कारणं देत राहिले, पण खरं कारण जिभेवर आलं की गिळून टाकावं लागत होतं. "मला त्याला बघायचंय" असं वडिलांसमोर, आबांसमोर, सरांसमोर म्हणायची सोय नव्हती. शेवटी अप्पांनी माझ्या हातातली पेन्सिल घेऊन स्वतःच तक्त्यावर नाव टाकलं, आणि शिवाय त्या नावाभोवती वेलबुट्टी काढली. सर रुसले, कारण चिठ्ठ्या टाकायच्या राहिल्या. मी रुसले, त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

सामन्यांच्या दिवशी उमापूरकडची मंडळी सकाळच्या गाडीनं उतरली. अप्पा हलगीवाला घेऊन स्टँडवर गेले. मैदानात चुन्याच्या रेघा आखून तयार होत्या, बाकीचे संघ अंग मोकळं करत उड्या मारत होते, आणि या सगळ्यांना अप्पांनी मंडपात खुर्च्यांवर ओळीनं बसवलं. प्रत्येकाच्या गळ्यात हार, मांडीवर नारळ, टॉवेल, डोक्यावर टोपी. बाशिंग तेवढं बांधायचं राहिलं होतं. मी बायकांबरोबर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी होते. काकू, म्हणजे माझी चुलती, मला कोपरानं ढोसून म्हणाली, "बघ की. त्यो मधला."

मी बघितलं. उंच होता. टोपी त्याला लहान होत होती. हाफ पँट, बनियन, त्यावर झेंडूचा हार, आणि चेहऱ्यावर हसावं की नाही अशा संभ्रमात बसलेल्या माणसाचे भाव. पण बसलेल्या माणसाचं काय बघायचं? बसून तर सगळेच सज्जन दिसतात. सकाळचे तीन सामने झाले. आमच्या गावचा संघ परंपरेप्रमाणे पहिल्याच फेरीत मोकळा झाला. चौसाळ्याचे असे सुटले होते की समोरच्यांवर दोनदा लोण चढवला, म्हणजे अख्खा संघच्या संघ बाद केला, तोही दोनदा. उमापूरकडच्यांचा पुढचा सामना यांच्याशीच होता. ते खुर्च्यांत बसून टाळ्या वाजवत होते.

मग जेवणं. बाकीच्या संघांना मैदानावरच बेसन, भाकरी आणि ठेचा होता. खेळणाऱ्याला याहून चांगलं जेवण नाही. उमापूरकडच्यांना अप्पा घरी घेऊन आले. आईनं आणि काकूनं पहाटेपासून पुरण घातलं होतं. पुरणपोळी, वर तूप, गुळवणी, आमटी, भजी, कुरडया. अजून रीतसर बघणं झालं नव्हतं म्हणून मला बाहेर यायला बंदी होती. मला तव्यापाशी बसवलं. मी पोळ्या भाजत होते आणि बाहेरून अप्पांचा आवाज ऐकत होते.

"घ्या हो. लाजू नका. ह्येच वय हाय."

"बास अप्पा, खेळायचंय," एक आवाज आला. तो त्याचाच असणार, असं मी ठरवून टाकलं.

"खेळाला ताकत कशानं येती? तूप आना रे इकडं!"

एक पोळी बाहेर गेली. मग दुसरी. मग तिसरी. माझ्या हातची प्रत्येक पोळी त्या संघाला बुडवत होती, आणि खेळाडू म्हणून मला ते दिसत होतं. मी आईला म्हणाले, "आई, पुरण संपलं म्हणून सांग बाहेर."

आईनं लाटणं हवेत धरलं. "येड लागलं का तुला? पाव्हन्यांच्या पंगतीत पुरण संपलं म्हनू? ह्या घरात?"

"ते हरतील आई."

"हारू देत. उपाशी तर न्हाई जानार." आणि तिनं माझ्या तव्यावर चौथी पोळी टाकली. कबड्डी म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं, पण मान म्हणजे काय ते पक्कं माहीत होतं.

एवढ्यावर भागलं असतं. पण त्या वर्षी थंड पेयाची नवी कंपनी बीडपर्यंत पोचली होती आणि तिचा एजंट जत्रेसाठी दोन क्रेट फुकट देऊन गेला होता. अप्पांनी ती बाटली कधी चाखलीही नव्हती, पण नवी आहे, महागाची आहे, म्हणजे पाहुण्यांना द्यायलाच हवी. पुरणपोळीवर तूप, तुपावर गुळवणी आणि गुळवणीवर ते काळं फसफसणारं पाणी. ऊन डोक्यावर होतं. पोरं हात धुवून उठली तेव्हा त्यांतला एकजण ओट्याच्या खांबाला टेकून उभ्या उभ्या झोपला, हे मी खिडकीतून माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

सेमीफायनल. मी पळत जाऊन ट्रॉलीत जागा धरली. मला स्वतःचीच चीड येत होती, कारण आता जे दिसेल ते पुरणपोळीचं दिसेल, माणसाचं नाही.

चौसाळ्याची पोरं ताज्या दमानं उसळत होती. उमापूरकडचे मैदानात उतरले ते लग्नघरातून सामान हलवायला निघाल्यासारखे. पहिल्याच चढाईत त्यांचा एक गडी टिपला गेला, त्यानं पळून जायचा प्रयत्नही केला नाही. दुसरा पकड घालायला वाकला आणि पुन्हा सरळ व्हायला त्याला वेळ लागला. बायका हसायला लागल्या. काकू म्हणाली, "पोरी, तुज्या पोळ्या लई जड झाल्या गं!" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मग त्याला पंच म्हणून उभ्या असलेल्या सरांनी बाद दिलं. पाय रेषेबाहेर पडला म्हणाले. पडला नव्हता. ट्रॉलीतून मला नीट दिसलं होतं. सर उन्हात उभे राहून कंटाळले होते आणि चिठ्ठ्यांचा रागही त्यांच्या मनात होताच. तो वळला आणि सरांच्या अंगावर चालून आला. माझे हात ट्रॉलीच्या फळीवर आवळले गेले. हाच तो क्षण. तो सरांच्या अगदी समोर जाऊन थांबला. चेहरा लाल झाला होता. रागावलेला होता, अगदी स्पष्ट रागावलेला, आणि मला तेही बघायचंच होतं. राग येतच नाही असा माणूस मला नको होता, तसल्या माणसाच्या रागाचा पुढे पत्ता लागत नाही. त्यानं जमिनीवरच्या पाऊलखुणेकडे बोट दाखवलं, काहीतरी बोलला. सरांनी मान हलवली, नाही. तो अजून क्षणभर तिथंच उभा राहिला. त्यांचा एक गडी मागून ओरडत आला, "आरं ए, आंधळा हाय का बे ह्यो पंच?" तर यानं त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला मागे ढकललं आणि स्वतः जाऊन बाहेर बसला. सगळा प्रकार इतका झटपट झाला की काकूला कळलाही नाही. मी मात्र बराच वेळ फळी धरून होते.

शेवटची गंमत पुढेच होती. त्यांनी मधे एक गडी टिपला तेव्हा तो पुन्हा आत आला होता, आणि शेवटच्या चढाईला बाकीचे सगळे बाद होऊन एकटाच उरला होता. पलीकडे चौसाळ्याचे सातही जण हात पसरून उभे. त्यानं मध्यरेषेला हात लावला, कपाळाला लावला आणि दम धरून आत घुसला. कबड्डी कबड्डी कबड्डी. खरंच चांगला शिरला होता. एकाला टिपलं, दुसऱ्याला हुलकावणी दिली. गर्दी गप्प झाली. आता परत फिरला की सुटला. तो वळला, रेषा दोन हातांवर होती, आणि तेवढ्यात त्याच्या तोंडून कबड्डीऐवजी एक ढेकर निघाली. साधीसुधी नव्हे. पोळी, तूप, गुळवणी आणि कंपनीचं काळं पाणी यांची मिळून एकच, भरघोस, मंडपाच्या शेवटच्या टोकापर्यंत पोचणारी ढेकर. दम तुटला. सामना संपला.

मग अख्खं रान हसलं. आबा तर खाली बसून पागोट्यात तोंड लपवून हसत होते. मी हसले नाही. मला त्याच्यासाठी लाज वाटली. एवढ्या गर्दीत, बघायला यायच्या आधी, मुलीच्या गावात. आता हा तोंड पाडून चालता होणार, नाहीतर कुणावर तरी उखडणार, असं मला वाटलं, आणि उखडला असता तरी मी त्याला दोष दिला नसता.

तो रेषेच्या दोन हात अलीकडे तसाच उभा होता. मग त्यानं पोटावर हात ठेवला. मंडपाकडे, अध्यक्षांच्या खुर्चीकडे वळला. आणि दोन्ही हात जोडून, कमरेत वाकून त्यानं अप्पांना नमस्कार केला. सरळ होताना तो हसत होता. स्वतःवरच, मनापासून, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. चौसाळ्याच्या कप्तानानं येऊन त्याला मिठी मारली तेव्हा दोघंही हसत होते आणि हा सारखा पोट धरत होता. मग मंडपामागे जाऊन तो गवतावर आडवा झाला.

अप्पा मात्र कोसळले होते. ढाल कुणी नेली, बक्षीस कुणाच्या हस्ते दिलं, कशातच त्यांचं लक्ष नव्हतं. घरी आल्यावर ओट्यावर बसून आईला म्हणाले, "माज्या हातानं पाव्हन्यांची फजिती झाली. चारचौघांत हसं झालं पोराचं. आता कशाला येतेत ते बगायला?" आई म्हणाली, "जेवन तर चांगलं झालं नं?" त्यावर अप्पांनी तिच्याकडे असं बघितलं की ती आत निघून गेली. मला त्यांची दया आली. आयुष्यभर सगळ्यांचा मान राखत आलेल्या माणसाला मान अंगाशी आला होता. आणि खरं सांगायचं तर माझाही जीव टांगणीला लागला होता. त्या एका नमस्कारानं माझं ठरून गेलं होतं, आणि ते कळायला आता फार उशीर झाला असेल अशी मला धास्ती होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बूथचा फोन वाजला. अप्पांनी दार लावून घेतलं. मी डाळीच्या पोत्यामागे उभी राहिले. या वेळी अप्पा इतकं हळू बोलत होते की जन्मात पहिल्यांदा मला त्यांचं बोलणं ऐकू आलं नाही. बाहेर आले तेव्हा घाम पुसत होते.

"येतो म्हन्तेत. रविवारी," ते म्हणाले. "पोरानं निरोप दिलाय. बगायला येऊ, पर जेवायला न्हाई. निस्ता च्या."

मला हसू आवरेना. अप्पाही हसले, पण लगेच थांबले. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. ते गादीवर बसले, तराजूची पारडी उगाच खालीवर केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या दिशी तू तक्त्यासाठी येवढी कावून भांडत व्हतीस, ते मला काल कळालं. मी सामना बगतच नव्हतो. ट्रॉलीकडं बगत व्हतो."

मी पोत्यावरची सुतळी उलगडत राहिले.

"आलेल्या समद्यांचा मान झाला. चौसाळ्याचा झाला, पाव्हन्यांचा तर लईच झाला," अप्पा म्हणाले. "तुलाच काय इचारलं न्हाई कुनी. मीबी न्हाई." मग त्यांनी वर बघितलं. "तुजं काय म्हननं हाय माय?"

आमच्या घरात, आमच्या भावकीत, त्या आधी कुठल्या मुलीला हे विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. माझ्या चुलत बहिणीला नाही, काकूला नाही, आईला तर नाहीच. कॉलेजात, ओट्यावर, सगळीकडे चुरूचुरू चालणारी माझी जीभ ऐन वेळी जागेवर नव्हती. बरीच जुळवाजुळव करून मी म्हणाले, "अप्पा, पुढच्या वर्षी जावयाच्या गावाला बाय देऊ नका. पहिलाच सामना खेळवा त्यांना."

अप्पांना समजायला थोडा वेळ लागला. मग ते गादीवरून उठले, चप्पल न घालताच आत निघाले, आणि माजघराच्या दारातूनच त्यांनी आईला हाक मारली. ती हाक नेहमीसारखी होती, गावभर ऐकू जाईल अशी.